वाणात दिलेली बुरशी

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून थंडीवर निष्ठेने प्रेम करणारा एकच मनुष्य जन्मास आला आणि तो नेमका माझ्या मुलाचा सासरा निघाला. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. माझ्या या व्याह्यांविषयी लातुरात जे जे सांगितले जाते ते सर्व मी ऐकलेले आहे. त्यातले निम्मे खोटे असून उरलेले निम्मे चुकीच्या क्रमाने सांगितले जाते. विशेषतः गेल्या अधिक महिन्यात त्यांच्या डब्याचे जे काही झाले, त्यासंबंधी 'नांदेडच्या व्याह्याने डबा अडवून ठेवला' असा जो डांगोरा माझ्या नावाने पिटला जातो, त्याचा समाचार घेतल्यावाचून मला अन्न गोड लागणार नाही. मी हयातभर शाळेत इतिहास शिकवला. साक्षीदार कोण, तो कुठे बसला होता आणि तिथून त्याला काय दिसत होते, एवढे विचारल्याखेरीज मी कोणाचीही हकीकत मान्य करीत नाही. या प्रकरणातला साक्षीदार मी स्वतः आहे. मी मोटारीत पुढच्या आसनावर बसलो होतो आणि तो डबा माझ्या मांडीवर होता.

व्याही वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा जन्म चाकूरजवळच्या एका खेड्यात, भर वैशाखात, पत्र्याच्या खोलीत झाला. उन्हाशी त्यांचे वैर त्याच दिवशी जडले असावे असा माझा तर्क आहे. जिथे माणूस टिकत नाही, गुरे टिकत नाहीत, झाड म्हणून उभे राहत नाही, अशा बर्फाळ जागी खडकाला बिलगून जे मॉस वाढते, त्या मॉसवर जगणारी बुरशी हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास. पावसाळ्यात आपल्याकडे विहिरीच्या काठावर जी हिरवी मखमल चढते, तिचेच हे मॉस डोंगरातले भावंड. पण तिला कोणी शेवाळ म्हणण्याचा अवकाश, की हा शांत गृहस्थ ताडकन उठून उभा राहतो. "शेवाळ तुमच्या हौदात! हिला खोड हाय, पान हाय, मान हाय!" त्यातले शेवटचे शास्त्रीय आहे की नाही हे मी त्यांना अनेकदा विचारले. उत्तर मिळालेले नाही.

उन्हाळ्यात लातूर तापू लागले की ते दिवसातून चार वेळा स्वयंपाकघरातला फ्रिज उघडून खांद्यापर्यंत आत शिरतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या विहीणबाई, इतर सर्वांप्रमाणे त्यांना 'सर'च म्हणतात. अशा वेळी कोणी भेटायला आले, तर त्या पदराने वारा घेत सांगतात, "बसा जरा. सर लडाखला गेलेत. येतीलच." आणि खरोखरच थोड्या वेळाने सर भुवयांवर दव घेऊन, डोळे निवलेले, असे बाहेर येतात. चष्म्यावर धुके धरलेले असल्यामुळे पाहुणा कोण आहे हे त्यांना कळत नाही, परंतु म्हणून संभाषण अडत नाही. कारण पाहुणा कोणीही असला तरी ते बुरशीविषयीच बोलतात.

त्यांच्या गळ्यात नेहमी एक भिंग असते. एका लग्नात आमच्या एका दूरच्या पाहुण्याच्या मानेवर गजकर्ण दिसले, तेव्हा त्यांनी पंगतीतच ते भिंग काढून त्या मानेला लावले आणि गहिवरून उद्गारले, "काय सुरेख गोल धरलाय हो!" पाहुणा जिलेबी टाकून उठला. लातूरकर म्हणतात, व्याह्यांनी त्याचा अपमान केला. मी शेजारच्या पाटावर होतो. ती स्तुती होती. त्यांच्या बर्फातल्या बुरशीचेही नेमके तेच लक्षण आहे. ती मॉसच्या गादीवर एका ठिपक्यापासून सुरू होते आणि बाहेर बाहेर सरकते, आणि हिरव्या मखमलीवर फिकट पांढरे कडे उमटते. 'मॉसला झालेले गजकर्ण' असे त्यांनी एकदा शेजारणींना समजावून सांगितले, त्याचा परिणाम एवढाच झाला की सरांच्या फ्रिजात गजकर्ण आहे ही बातमी गल्लीभर पसरली आणि त्यांच्या घरचा बर्फ मागायला येणे लोकांनी कायमचे बंद केले. व्याह्यांना त्यात फायदाच दिसला. दार कमी वेळा उघडू लागले.

बुरशी आणायला ते स्वखर्चाने, तेही यात्रा कंपनीच्या बसने हिमालयात जात. कारण बर्फापर्यंत नेऊन सोडणारे स्वस्त वाहन दुसरे नाही. बाकीची मंडळी देवदर्शनाच्या रांगेकडे वळली की हे उलट्या दिशेला निघत आणि बर्फ वितळून उघड्या पडलेल्या खडकावर पालथे पडून भिंगातून मॉस न्याहाळत. एका यात्रेत त्यांच्या मागून उदगीरकडच्या काही बायका चालल्या होत्या. एवढा विद्वान माणूस इथे साष्टांग पडला आहे, तेव्हा हीच खरी जागा असली पाहिजे, असे मानून त्याही एकामागून एक पालथ्या पडल्या. व्याह्यांनी मान वळवली तो अकरा जणी! "काय दिसलं ओ सर?" असे पहिलीने हळूच विचारले. व्याह्यांनी भिंग तिच्या हाती दिले. तिने बराच वेळ पाहिले आणि सांगितले, "लई नाजूक हाय. चक्र काढल्यावानी." तिच्याइतकी चांगली विद्यार्थिनी आपल्याला महाविद्यालयात कधी लाभली नाही, असे ते आजही सांगतात.

आमची सोयरीक जुळली ती कथाही चुकीची सांगितली जाते. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी माझ्या मुलाला, अविनाशला, पगार विचारला नाही, शिक्षण विचारले नाही. विचारले ते एवढेच, "तुमच्या फ्रिजात बर्फ धरतो का?" लोक म्हणतात, यावर मी चिडलो. मी चिडलो नव्हतो. मी अभिमानाने उत्तर दिले की आमचा फ्रिज जुना आहे, त्यात बर्फ इतका धरतो की उलथण्याने खरवडावा लागतो. "मग मुलगी दिली," ते म्हणाले. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि मुक्ता आमच्या घरची सून झाली.

आता मूळ प्रकरण. बर्फ पडला की बाकीचे जीव निजतात, या बुरशीचा संसार मात्र तेव्हाच सुरू होतो. आपल्या अंगातले पाणी गोठू नये म्हणून ती म्हणे स्वतःच काही रस पाझरते, बर्फाखालच्या अंधारात मॉस चाखत केसाकेसाने पुढे सरकते, आणि ऊन लागले की मरते. हा जीव व्याह्यांनी पाळायला घेतला तो लातुरात. अकरा वर्षांत आणलेले नमुने एकामागून एक दगावले होते. काही वीज गेल्यामुळे, काही गल्लीतला विजेचा डीपी जळाल्यामुळे, आणि एक तर पाहुण्यांनी कलिंगड ठेवण्यासाठी बाहेर काढून ठेवल्यामुळे. उरले होते दगडाच्या कपच्यांवर चिकटलेले मॉसचे दोनच तुकडे. त्यावरची बुरशी आजवर कोणी नोंदलेली नसावी, असा त्यांचा कयास होता. दूरच्या एका प्रयोगशाळेने ती तपासायचे कबूल केले होते, परंतु तिथे हे काम पाहणाऱ्या बाई बाहेरगावी होत्या, त्या पावसाळा लागल्यावर परतणार होत्या, आणि नमुना जिवंतच हवा होता. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी व्याह्यांचे उंचावर जाणे बंद केलेले. म्हणजे हे दोन तुकडे मेले, की अकरा वर्षे मेली. पुन्हा आणायला जाणारा कोणी नाही.

त्यात त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना, आणि तोही भर उन्हाळ्यात! जावयाला धोंडे-जेवणाला बोलावणे भाग. त्याच्याबरोबर आम्हां उभयतांनाही आग्रहाचे निमंत्रण होते. विहीणबाईंनी तेहतीस अनारसे तळले आणि वाणाचा डबा मुंग्यांच्या भयाने फ्रिजात ठेवला. नमुन्यांचा डबाही फ्रिजातच होता. दोन्ही डबे मुक्ताच्या लग्नात आहेरात आलेले, जुळे, झाकणावर एकच नाव घातलेले. अनारसे तेहतीस आणि दगडाच्या कपच्या दोन, त्यामुळे वजनालाही उन्नीस-बीसच. 'माझ्या डब्याचे झाकण उघडाल तर खबरदार' अशी सरांची कायमची ताकीद असल्यामुळे विहीणबाई कोणताच डबा उघडून पाहायला धजल्या नाहीत. त्यांनी हाताला आधी लागला तो डबा लाल रुमालात बांधला, ताटात ठेवला आणि त्यावर निरांजन लावले.

कद नेसवून पाटावर बसवलेले व्याही त्या वेळी अत्यंत अस्वस्थ होते. पाहुण्यांच्या वर्दळीत फ्रिज कोणी उघडा तर टाकला नाही ना, या काळजीने त्यांची मान सारखी स्वयंपाकघराकडे वळत होती. गुरुजींनी संकल्प सांगितला, पळीभर पाणी सोडायला लावले आणि म्हणाले, "म्हणा, न मम." व्याह्यांनी अकरा वर्षांच्या तपश्चर्येवर पाणी सोडून म्हटले, "न मम, न मम. आटपा आता!" आणि ताट स्वतःच्या हाताने जावयाच्या हाती दिले. (त्या दिवशी मी पानावरून रागाने उठलो, असेही सांगितले जाते. आमरस कोमट होता हे खरे, आणि "व्याही, रस गच्चीवर ठेवला होता का?" असे मी विचारले हेही खरे. पण मी उठलो तो पायाला मुंग्या आल्या म्हणून.)

परतीच्या वाटेवर डबा मी मांडीवर घेतला. यावर लातूरकरांचे म्हणणे, म्हाताऱ्याला अनारशांचा मोह आवरेना. वस्तुस्थिती अशी की दुखऱ्या गुडघ्यांना तो गार लागत होता आणि मोटारीतला थंड वारा थेट त्यावर येत होता. अहमदपूरच्या पुढे मी रुमालाची गाठ फक्त सैल करून पाहिली, तो मागून आमच्या सौभाग्यवती कडाडल्या, "देवापुढं ठेवल्याबिगर हात लावायचा न्हाई! वय काय, अन् करून काय राहिले!" मी गाठ पुन्हा आवळली. या एका वाक्याने विज्ञानाची जी सेवा झाली, तिची नोंद कुठेही झालेली नसल्यामुळे मी ती इथे करून ठेवतो.

नांदेडला पोचल्यावर डबा देवापुढे ठेवला गेला, दिवा लागला, आणि मग झाकण निघाले. आत ओला कागद, कागदात हिरवे गोळे, आणि गोळ्यांवर पांढरी कडी.

"अगं बाई," सौभाग्यवती म्हणाल्या, "अनारशाला बुरशी लागली!"

"अनारशाला दगड कुठून लागले?" मी चष्मा चढवून म्हणालो.

"विहीणबाईंचा हात तसाच हाय. मुक्ता, हे गाईला टाकून ये, जा."

मुक्ताने डब्यात डोकावून पाहिले आणि ती पांढरीफटक झाली. गाय दारात दहा पावलांवर उभी असताना माझा फोन वाजला. व्याही होते. प्राध्यापकी भाषा पार गळून गेली होती. चाकूरकडचे पोर बोलत होते.

"व्याही, माझ्या डब्यात अनारसे हायत ओ! तुमच्यात काय हाय?"

"बुरशी."

"जित्ती हाय का?"

असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "दिसायला तरी ठीक आहे." मुक्ताने तोवर डबा उचलून फ्रिजात सरकवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने व्याही अनारशांचा डबा उराशी धरून हजर झाले. त्यांना वाटले, हा डबा द्यायचा, तो घ्यायचा आणि निघायचे. त्यांनी आमच्या सौभाग्यवतींचा अंदाज घेतलेला नव्हता.

"वाण दिल्यालं परत घेत नसतात," त्या दारातच म्हणाल्या. "पाणी सोडलंव तुमी. जावयानं हातात घेतलंय. हे अनारसे ठेवून घेते, पण त्ये न्हाई मिळायचं."

"विहीणबाई, मी हे काही मानत न्हाई."

"तुमी मानू नका. पाणी सोडलं ते सोडलं."

व्याह्यांनी घरी फोन लावला. पलीकडे त्यांना पाठिंबा मिळेल ही त्यांची आशा मला पहिल्यापासूनच भाबडी वाटली होती. विहीणबाईंचा आवाज आम्हां सर्वांना ऐकू येत होता. "सर, धोंड्याचं दान परत घेतलं तर लेकीच्या संसाराला बरं न्हाई. तुमची बुरशी मोठी, का मुक्ता?"

मी त्यांच्याकडे पाहत होतो. ज्या माणसाने घरात सत्यनारायण होऊ दिला नाही, ग्रहणात मुद्दाम शेंगदाणे खाल्ले, त्याच्याजवळ या प्रश्नाला शंभर उत्तरे होती. त्याने भाषणे दिलेली होती. त्याने मुक्ताकडे पाहिले. "बाबा, न्या तुम्ही, काही होत नसतं," ती म्हणाली. पण व्याह्यांनी फोन खिशात टाकला आणि खुर्चीवर बसत म्हणाले, "राहू द्या. दिलं ते दिलं. मला फक्त बघू द्या."

म्हणजे डबा कोणी अडवला? परंपरेने अडवला, विहिणींनी अडवला, आणि सरतेशेवटी व्याह्यांनी स्वतःच सोडला. मी केवळ फ्रिजचा मालक. एवढे मात्र प्रामाणिकपणे नमूद करतो की मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही, कारण अधिक महिना संपेपर्यंत व्याही आमच्याकडेच राहिले.

ते दिवस आमच्या घराने विसरू नयेत असे गेले. फ्रिजमधले दूध, लोणी, कैऱ्या, सगळे बाहेर आले आणि त्यातले बरेचसे नासले. दार दिवसातून दोनदाच उघडायचे, तेही व्याह्यांनी 'हां' म्हटल्यावर. आम्ही माठाचे पाणी प्यायलो. वीज गेली की आम्ही दोघे वृद्ध फ्रिजवर गोधड्या घालत असू. नांदेडच्या उन्हात फ्रिजला गोधडी घालणारी माणसे पाहून दूधवाल्याने आमच्या मुलाला बाजूला घेऊन काहीतरी विचारले. काय विचारले ते अविनाश अजून सांगत नाही. गोधडीने थंडी आत कोंडली जाते हे मला पटत नव्हते. त्यावरून आमचे भांडण झाले, ते पुढे निजामाच्या काळातल्या बर्फापर्यंत गेले. पण सकाळी दार उघडले की भांडण थांबे. व्याही भिंग लावीत, श्वास रोखून बघत आणि एकच शब्द बोलत, "हाय." पहिले दोन-चार दिवस तो ऐकून मी वर्तमानपत्राकडे वळत असे. पुढे पुढे तो ऐकल्याखेरीज मला चहा घेववेना.

महिना सरला. प्रयोगशाळेच्या बाई परतल्याचा निरोप आला, तेव्हा पुन्हा पेच पडला: दान परत द्यायचे नाही, मग पाठवायचे कसे? तो सौभाग्यवतींनीच सोडवला. "मिळाल्यालं वाण जावयानं पुढं दुसऱ्याला द्यावं. त्याला कुणाची ना न्हाई." तेव्हा अविनाशने एक तुकडा बर्फात बांधून रवाना केला आणि दुसरा वाणाचा मान म्हणून आमच्या फ्रिजात राहिला. पाठवताना कागदावर 'देणारा' म्हणून अविनाशचे नाव पडले होते. त्याखाली 'शोधणारा' असे लिहून व्याह्यांचे नाव घालायला लावले ते मी, आणि त्यासाठी मला आवाज चढवावा लागला. बाईंनी कळवले, बुरशी जिवंत पोचली, वाढते आहे, ओळखीची दिसत नाही. पण नाव देण्यापूर्वी दोन-तीन वर्षे तिची वाढ पाहावी लागेल. व्याह्यांनी ते पत्र मला फोनवर तीनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा वाचताना ते मधेच अडखळले. अक्षर दिसत नाही म्हणाले.

तो मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे काही आहे, आणि गेलेली दृष्टी परत येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. समोरचा माणूस कडेने दिसतो, पण जिथे नजर रोखावी तिथे धुरकट ठिपका येतो. भिंग आता गळ्यात नसते. मागच्या खेपेस त्यांनी ते माझ्या हाती ठेवले आणि कड्याची बाहेरची कड कशी ओळखायची हे मला तासभर शिकवले. मी मंद विद्यार्थी ठरलो. उदगीरकडच्या त्या बाईंचा दाखला मला दोनदा ऐकावा लागला.

तेव्हापासून रोज सकाळी लातुराहून फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "व्याही, सरकलं का?"

मी फ्रिज उघडतो, गुडघे टेकतो, भिंग लावतो आणि पाहतो. आमच्या तुकड्यावरचे कडे बरेच दिवस जागचे हललेले नाही. कदाचित विश्रांती घेत असेल, कदाचित तसे नसेल. मला त्यातले कळत नाही. फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत असतो, तो आता थांबतो.

"हाव," मी म्हणतो, "केसभर सरकलंय."

याहून वेगळी हकीकत कोणी सांगत असेल तर त्याने प्रथम माझ्या फ्रिजपुढे येऊन गुडघे टेकावेत.